तांदळाच्या ताटाचा पुरावा

लालासाहेब जगदाळ्यांना आपल्याला दोन बायका असल्याचं वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी कळलं, आणि तेही ऑस्ट्रेलियातून.

मेलबर्नहून त्यांच्या लेकीचा, शिवांजलीचा फोन आला तेव्हा ते उंब्रजच्या घरासमोर खुर्ची टाकून वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसा वाचत होते. रिटायर झाल्यापासून बातम्यांपेक्षा त्यांना नोटिसाच जास्त आवडायच्या, कारण त्यांत चुका सापडायच्या.

"पप्पा, आईचा व्हिसा अडकलाय," शिवांजली म्हणाली. "व्हिसावाले म्हणतात, माझ्या जन्मदाखल्यावर आईचं नाव पल्लवी आहे आणि अर्ज केलाय शालूबाईनं. मग ही शालूबाई माझी कोण? अठ्ठावीस दिवसांत पुरावा द्या, नाहीतर अर्ज रद्द."

"हात्तिच्या! एवढंच व्हय?" लालासाहेब म्हणाले.

"एवढंच नाही पप्पा. मला सातवा सरत आलाय. ह्यांची आई नाही, सुट्टी मोजून आठ दिवसांची. आई आली नाही तर मी एकटी काय करू?" आणि तिचा आवाज असा काही हलला की लालासाहेबांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

आता हा दोन नावांचा घोळ नीट समजून घ्यायला हवा. आपल्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलायची पद्धत. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवरदेवानं सोन्याच्या अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. खानापूर तालुक्यातल्या केरबा साळुंख्यांची शालूबाई एक्याण्णव सालच्या मे महिन्यात मांडवातून उठली ती पल्लवी होऊन. हे नाव लालासाहेबांनी ठेवलं. निदान ते स्वतः तसं सांगत. कुणाच्याही लग्नात पंगतीला बसले की शेजारच्याच्या पानात पहिली जिलेबी पडायच्या आत त्यांचं सुरू व्हायचं, "आमी दुष्काळी भागातली मुलगी केली. तिकडं प्यायला पाणी न्हाई. म्हणून मुद्दाम हिरवंगार नाव ठेवलं, पल्लवी! तांदळात असं काही लिहिलं की सगळा मांडव बघत ऱ्हायला." पलीकडं बायकांच्या पंगतीत पल्लवी मान खाली घालून जेवत असायची. गंमत अशी की एवढ्या हौसेनं ठेवलेलं नाव लालासाहेबांनी स्वतः कधी तोंडातून काढलं नाही. बायकोला ते 'अगं' म्हणायचे, आणि फारच अडलं तर 'अगं ए'.

आपण तिला जगदाळे काकू म्हणू. म्हणजे आपल्यावर तरी व्हिसावाले येणार नाहीत.

शिवांजली जन्मली तेव्हा दवाखान्यातल्या फॉर्मवर आईचं नाव 'पल्लवी' असं लालासाहेबांनीच ठळक अक्षरांत भरलं. आणि दोन वर्षांपूर्वी काकूंचा पासपोर्ट काढताना, 'शाळेच्या दाखल्यावर असतं तेच खरं नाव' असा निकाल देऊन 'शालूबाई' हेही त्यांनीच भरलं. दोन्ही फॉर्म त्यांनी तीन-तीनदा तपासले. दोन्हींत एकही खाडाखोड नव्हती.

हे जास्त लागायचं कारण म्हणजे लालासाहेबांची उभी नोकरी. तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात बत्तीस वर्षं ते छाननीच्या टेबलावर बसले. आलेल्या कागदांत चुका काढायच्या, हे काम. त्यांचा लाल पेन पाच गावांत माहीत होता. "नाव जुळत न्हाई. पुन्हा या," हे वाक्य त्यांनी इतक्या लोकांना इतक्या शांतपणे सांगितलं होतं की काही म्हाताऱ्या दारातूनच "पुन्हा येऊ का?" असं विचारून परत जायच्या. आणि आता त्यांच्याच घरातलं नाव जुळेना.

काकूंची तयारी मात्र जोरात चालली होती. व्हिसा अडकलाय हे कळल्यावर तिनं फक्त एवढंच विचारलं, "पण सुटंल न्हवं?" आणि डिंकाचे लाडू वळायला परत बसली. अळीव, मेथ्या, बाळंतशोपा यांच्या पुरचुंड्या बांधून झाल्या होत्या. लेकीनं पाठवलेले पांढरे बूट घालून ती रोज सकाळी अंगणात चाकांची बॅग ओढत पंधरा फेऱ्या मारायची. विमानतळ लांबलचक असतो, असं कुणीतरी सांगितलं होतं. बॅग नेहमी तुळशीपाशी अडायची, पण काकू थांबायची नाही.

पहिला सल्ला रविराजचा. हायवेच्या सर्व्हिस रोडला त्याचं ई-सेवा केंद्र. सातबारा, पॅनकार्ड, लाइटबिल आणि गाडीचा विमा ही सगळी कामं तिथं एकाच खिडकीत आणि एकाच घाईत व्हायची.

"काका, टेन्शनच घ्यू नका," रविराज कीबोर्डवरून नजर न काढता म्हणाला. "हितं नात्याचे पर्याय दिल्यात. सख्खी आई जुळत न्हाई न्हवं? मग सावत्र टाकू. व्हिसा मिळाल्याशी मतलब."

"थांब, चष्मा लावू दे," लालासाहेब म्हणाले. चष्मा नाकावर पोचेपर्यंत उत्तर मेलबर्नला पोचलं होतं.

पाच दिवसांनी परत पत्र आलं. अर्जदार सावत्र आई आहे, म्हणजे श्री. जगदाळे यांची ही दुसरी पत्नी. तरी पहिली पत्नी पल्लवी हिच्या मृत्यूचा किंवा घटस्फोटाचा दाखला चौदा दिवसांत पाठवावा. कागदावर आतापर्यंत नुसता संशय होता, तो रविराजनं कायम करून टाकला.

त्यात लालासाहेबांना आठवलं की सरकारी माणसानं पहिली बायको हयात असताना दुसरी केली तर ते गैरवर्तन. नियम त्यांना नंबरासकट पाठ होता. पूर्वी एका शिपायाला त्यांनीच तो वाचून दाखवला होता. आता त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, तो नियम पुन्हा वाचला आणि सवयीनं त्याखाली लाल रेघ ओढली. मग आपण कुणाविरुद्ध रेघ ओढली हे ध्यानात येऊन पुस्तक मिटलं.

दुसरा सल्ला घेऊन शेजारचे रिटायर्ड सुभेदार अर्जुना माने आले. सुभेदारांचा सल्ला कधी मागावा लागत नसे.

"सीधी बात हाय लालासाब," ते म्हणाले. "पल्लवीला ऑफ करून टाका."

"म्हंजे?"

"मयत दाखवायची. एक डेथ सर्टिफिकेट, मामला क्लोज. आमच्या युनिटात एक गडी कागदावर दोनदा मेला हुता. अजून पेन्शन घेतोय."

"आवं सुभेदार, ती आत च्या करतीय!"

आतून काकूंचा आवाज आला, "मयताच्या हातचा च्या चालंल का भावजी?"

"साखर कमी," सुभेदार म्हणाले.

बातमी गावात जायला किती वेळ लागणार? रविराजच्या दुकानात रांगेत उभे असलेल्यांनीच ती घरोघरी पोचवली. गिरणीत बायका काकूंना हळूच विचारू लागल्या, "थोरली कुठं असती वो?" काकू पिठाचा डबा डोक्यावर घेत म्हणायची, "हाय की. आमच्यातच ऱ्हाती. लय गुणाची हाय." लालासाहेबांकडं मात्र लोक वेगळ्याच नजरेनं बघू लागले. सलूनमध्ये त्यांना पहिल्यांदाच नंबर नसताना खुर्ची मिळाली. एक म्हातारा एसटी स्टँडवर त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "आमी तुमाला निसता क्लार्क समजत हुतो." यात अपमान किती आणि कौतुक किती, हे लालासाहेबांना ठरवता येईना. तीन दिवस त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलं नाही.

चौथ्या दिवशी त्यांना कार्यालयातली अपेक्षा आठवली आणि ते खुर्चीतून उडालेच. अपेक्षा त्यांच्या हाताखाली सहा वर्षं होती. आता त्याच कार्यालयात विवाह नोंदणीचं टेबल तिच्याकडं होतं. लग्न झालं तेव्हा त्याची नोंद कुणी केलीच नव्हती. आता करायची, प्रमाणपत्रावर दोन्ही नावं घालून घ्यायची, की संपलं. पोरगी आपली, खुर्ची आपली. लालासाहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला लाल पेन लावला आणि काकूंना घेऊन निघाले.

"सर, या या! काकू, बसा." अपेक्षानं उठून खुर्च्या दिल्या, चहा मागवला, तब्येत विचारली. मग फाइल पुढं ओढली आणि शेवटच्या पानापासून उलटी वाचायला लागली.

लालासाहेबांचा ऊर भरून आला. "बघ," ते काकूंच्या कानात म्हणाले, "शेवटाकडनं वाचायचं मी शिकवलंय. माणूस पहिल्या पानावर सावध आसतो, चुका शेवटी करतो."

"सर," अपेक्षा म्हणाली, "लग्नाची पत्रिका आहे, तीन साक्षीदार आहेत, भटजींची सही आहे. लग्न झालं हे सिद्ध होतंय. पण पत्रिकेत नवरीचं नाव शालूबाई आहे. शालूबाईची पल्लवी झाली कुठं?"

"लग्नातच झाली. तांदळात."

"पुरावा?"

"अगं, ही समोर बसलीय की!"

"सर, तुम्हीच सांगायचा ना? माणूस समोर बसलाय हा पुरावा नव्हे."

लालासाहेबांनी घाम पुसला. "मग एक प्रतिज्ञापत्र लिहून देतो. शंभर जणांचं चालत आसंल."

"तुम्ही एकाचं तरी चालवलं का सर?" अपेक्षानं हे अगदी आदरानं विचारलं. मग तिनं खणातून एक जुनी वही काढली. तिच्या पहिल्या पानावर लालासाहेबांच्या स्वतःच्या अक्षरात, लाल शाईनं लिहिलेलं होतं: 'विवाहात नाव बदलले असल्यास तांदळाच्या ताटाचा फोटो जोडून घ्यावा. त्याशिवाय अर्ज पुढे सरकवू नये.'

सरकारच्या कुठल्याही पुस्तकात हा नियम नव्हता. लालासाहेबांनीच तो दोन हजार नऊ साली शोधून काढला होता आणि त्यावर बेहद्द खूश होते. त्या एका ओळीपायी किती बाया माहेरच्या ट्रंका उपसत बसल्या असतील, याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता.

काकूनं ती ओळ बोट ठेवून वाचली. मग नवऱ्याकडं बघितलं. "ह्यो नियम तुमी काढला व्हय?"

लालासाहेब चहाच्या कपात बघत राहिले. त्यांना फार वाईट वाटलं. त्यातल्या त्यात एवढंच बरं वाटलं की पोरीला आपण चांगलं तयार केलं होतं.

घरी येऊन ट्रंक उघडली. अल्बम होता, पण वाळवीला लग्नातले विधी आवडले असावेत. अंतरपाट, सप्तपदी, लक्ष्मीपूजन सगळं फस्त. पंगतीचे फोटो तेवढे शाबूत होते. त्यांत मांडवभर लोक मन लावून बुंदी खात होते. शिवांजलीचा रोज फोन यायचा आणि रोज ती "झालं का?" एवढंच विचारायची. चौदातले आठ दिवस उरले होते.

"फोटो काढनारा इस्लामपूरचा हुता," काकू लाडवाचा डबा बंद करता करता म्हणाली. "तुमच्या कारखान्यातल्या मामांनी आणला हुता. अमृत नाव."

"तेहतीस वर्षांनी त्यो कुठला असाय बसलाय?"

"बसला आसंल तर? लेकीपायी इस्लामपूरला जायाला काय जातंय? उठा."

तिच्या आवाजात असं काही होतं की लालासाहेब उठले. सुभेदारांनी आपली जीप काढली. रविराजनं प्रायश्चित्त म्हणून दुकान बंद ठेवलं आणि मागं येऊन बसला. काकू पांढरे बूट घालूनच निघाली. सवय व्हावी म्हणून.

अमृतराव सापडले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पण खडखडीत. स्टुडिओ आता मुलगा बघायचा. भिंतीवर डोंगरावर धावणाऱ्या नवरा-नवरीचे मोठमोठे फोटो होते. म्हातारबुवा मात्र मागच्या खोलीत बिस्किटांचे पत्र्याचे डबे रचून बसले होते. आयुष्यात काढलेली एकही निगेटिव्ह त्यांनी टाकली नव्हती, आणि यावरून घरात रोज भांडण होत होतं.

"कुनाचं लगीन?" त्यांनी विचारलं.

"जगदाळ्यांचं. मी नवरदेव," लालासाहेब म्हणाले.

"नवरदेवाच्या नावानं न्हाई सापडायचं. नवरदेव समदे सारखेच दिसत्यात. पोरीच्या बापाचं नाव सांगा. त्यो ध्यानात ऱ्हातो, कोपऱ्यात रडत आसतो."

"केरबा साळुंखे," काकू म्हणाली.

म्हातारबुवा एकदम थांबले. काकूंकडं बघितलं, मग लालासाहेबांकडं बघितलं आणि त्यांना असं हसू फुटलं की कवळी सावरावी लागली. "म्हंजे त्यो ह्यो व्हय! आरं गड्या, हजार लग्नं इसरलो, पर ह्ये न्हाई!" ते स्टुलावर चढायला निघाले. सुभेदारांनी त्यांना धरलं. तिसऱ्या थरातल्या डब्यातून त्यांनी एक पट्टी काढली, उजेडाला धरली आणि मुलाला हाक मारली, "मोठ्या टीव्हीवर लाव रं ह्ये. तेवीस नंबर."

लालासाहेब टीव्हीसमोर सगळ्यांच्या पुढं उभे राहिले. बत्तीस वर्षं लोकांकडून पुरावे मागणाऱ्या माणसाचा पुरावा आता पडद्यावर येणार होता. "बघा आता," त्यांनी रविराजला सांगितलं, "अक्षर बघ कसं हाय. त्या काळात माझ्यासारखं अक्षर तालुक्यात न्हवतं."

फोटो आला. पितळी ताट, त्यात तांदूळ, अंगठी धरलेला नवरदेवाचा हात. आणि तांदळात खरोखरच सुरेख, वळणदार अक्षरांत लिहिलेलं होतं: लालासाहेब.

अमृतरावांनी पुन्हा कवळी सावरली.

सुभेदारांनी परेडला नाव पुकारतात तसं मोठ्यानं वाचलं, "लालासाहेब!"

"काका," रविराज हळूच म्हणाला, "म्हंजे काकूंचं लग्नानंतरचं नाव लालासाहेब?"

"लालासाहेब लालासाहेब जगदाळे," सुभेदारांनी पूर्ण नाव जुळवलं. "ह्ये तर ऑस्ट्रेलियाला समजावून सांगायला लय अवघड जाईल."

लालासाहेबांना ती दुपार झर्रकन आठवली. वऱ्हाड ट्रकमधून आलं होतं आणि ट्रक संध्याकाळच्या आत परत द्यायचा होता, म्हणून घरी गेल्यावर करायचं लक्ष्मीपूजन, नाव लिहिण्यासकट, मांडवातच उरकायचं ठरलं. ड्रायव्हर सारखा हॉर्न मारत होता. मामा "आटप, आटप" म्हणत होते. नोकरीला लागून पाच महिने झाले होते आणि दिवसभर हाताला एकच काम, कागद समोर आला की खाली आपलं नाव. समोर ताट आलं, हातात अंगठी आली, आणि हातानं आपलं काम केलं.

"पर मग पल्लवी?" त्यांनी विचारलं.

"चोवीस लाव," अमृतराव म्हणाले.

दुसरा फोटो आला. तेच ताट, पण आता तांदूळ पुन्हा सपाट केलेले. हिरव्या चुड्याचा एक हात अंगठीनं शेवटचं अक्षर पुरं करत होता. पल्लवी. नवरदेवाचा चेहरा फोटोत नव्हताच. होतं ते बाशिंगाचं मागचं अंग, कारण नवरदेव मान वळवून मागं बघत होता. मागं त्याची मेहुणी बूट घेऊन पळत होती.

सगळ्यांनी काकूंकडं बघितलं. काकूनं पदर डोक्यावर ओढला, मग बूट घातलेले पाय खुर्चीखाली घेतले.

"काय करनार?" ती म्हणाली. "अक्षरं तर तुमच्याच नावाची. बायका वाकून बघायच्या आत तळव्यानं तांदूळ सारखे केले. ह्ये बुटामागं बघत हुते. अंगठी तितंच पडली हुती. घेतली आन् लिवलं."

"पर पल्लवीच का?"

काकू म्हणाली, "आमच्या गावात डोस पाजायला एक नर्सबाई यायची, लुनावर. पल्लवी नाव हुतं. एकटी यायची, मनगटाला घड्याळ, पोरांस्नी डोस पाजायची, एकटी जायाची. कुनाची वाट बघायची न्हाई. म्या शाळेच्या भित्तीवर बसून तिची गाडी दिसंनाशी हुईपातूर बघायची. म्हटलं, लगीन तर ठरल्यालंच हाय, निदान नाव तरी आपल्या मनाचं घ्यावं."

"आन् तुझ्या बापानं मला कोपऱ्यात घ्यून सांगितलं," अमृतराव म्हणाले, "ह्ये दोन फोटू अल्बमात लावू नगंस. जावई साधा हाय, हसं व्हईल."

त्या दिवशी मान वळवली तेव्हा ताटात पल्लवी होतं, सगळे वाहवा करत होते, आणि त्या घाईत लालासाहेबांनी ते आपणच लिहिलं असं धरलं होतं. आता त्यांच्या डोळ्यांपुढून तेहतीस वर्षांच्या पंगती गेल्या. दुष्काळी भाग, हिरवंगार नाव, बघत राहिलेला मांडव. आणि पलीकडच्या पंगतीत खाली घातलेली मान. ती लाजून खाली जात नव्हती, हसू आवरायला जात होती, हे त्यांना आत्ता कळलं.

"मग इतकी वर्षं गप का बसलीस?"

"तुमी लय आनंदानं सांगत हुता," काकू म्हणाली. "म्हटलं, सांगू द्या."

लालासाहेबांना खरं तर राग यायला हवा होता, पण आला तो नुसताच हुंदका, आणि तोही त्यांनी खोकल्यात घातला.

दुसऱ्या दिवशी ते अपेक्षासमोर बसले तेव्हा त्यांच्या फाइलीत एकच फोटो होता. चोवीस नंबरचा. तेवीस नंबर त्यांनी शर्टाच्या खिशात, लाल पेनच्या मागं ठेवला होता. रात्रभराच्या विचारानंतर त्यांचं असं मत झालं होतं की मागितल्याशिवाय जादा कागद देऊ नये.

अपेक्षानं फोटो बघितला. आनंदानं तिचा चेहरा उजळला. मग कपाळाला आठी पडली. "सर, नाव नवऱ्यानं लिहायचं असतं. इथं तर नवरीच लिहितेय. मग तुम्ही काय लिहिलं होतं?"

कार्यालयात चार टेबलं होती. चारही टेबलांवर लालासाहेबांना मान होता. दारात सहा-सात लोक उभे होते आणि त्यांतल्या निम्म्यांना त्यांनी कधी ना कधी परत पाठवलं होतं. काकू भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती. सहा दिवस राहिले होते.

लालासाहेबांनी खिशात हात घातला. "क्रम तुटायला नको," ते म्हणाले आणि तेवीस नंबर टेबलावर ठेवला.

अपेक्षानं बघितलं. ओठ घट्ट दाबून धरले. मग फाइलीआड तोंड केलं, पण खांदे हलायला लागले. शेजारच्या टेबलावरचे वाकले, त्यांच्या मागचे वाकले, दारातले आत आले. असा दंगा झाला की साहेब केबिनमधून बाहेर येऊन फोटो बघून परत आत गेले आणि त्यांच्याही केबिनचा दरवाजा बराच वेळ हसत होता. लालासाहेब ताठ बसून राहिले. एका म्हाताऱ्या बाईनं जवळ येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "असू द्या वो भाऊसाब. माझंबी नाव तुमी आठ खेपा जुळवून दिलं न्हाई, पर आज मन निवलं."

अपेक्षानं डोळे पुसले आणि पेन उचललं. "काकू, इथं लिहायचंय. नवीन नाव कुणी ठेवलं?"

काकूनं नवऱ्याकडं बघितलं. लालासाहेबांनी मान हलवली.

"मीच," काकू म्हणाली.

शिक्का असा आपटला की चहाचे कप हलले. प्रमाणपत्रावर दोन्ही नावं एका ओळीत आली. जाताना लालासाहेबांनी ती जुनी वही मागून घेतली आणि ताटाच्या फोटोची ओळ स्वतःच्या लाल पेनानं खोडली. त्यांच्या हातची ती पहिली खाडाखोड.

व्हिसा आला त्या दिवशी काकूनं अंगणात पंचवीस फेऱ्या मारल्या आणि तुळशीपाशी बॅग अडली नाही. सुभेदारांनी गल्लीत पेढे वाटले. रविराजनं तिकीट काढलं. ते लालासाहेबांनी शेवटाकडून वाचून मग पास केलं.

मुंबईच्या विमानतळावर दुपारी ही गर्दी. काकू एकटीच जाणार होती. तिनं सुभेदारांना नमस्कार केला, नवऱ्याला "गोळ्या येळंवर घ्या" सांगितलं, पासपोर्ट आणि तिकीट शिपायाला दाखवलं आणि बॅगांची गाडी ढकलत आत गेली. पांढरे बूट काचेपलीकडं झपाझप चालले होते. लालासाहेबांना वाटलं होतं ती एकदा तरी वळून बघेल. ती वळली नाही.

"लालासाब," सुभेदार म्हणाले, "काखंत काय हाय?"

फाइल होती. बत्तीस वर्षांची सवय, महत्त्वाची फाइल दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. व्हिसाचं पत्र, प्रमाणपत्र, सगळं तीत.

"अगं!" लालासाहेब दाराकडं धावत ओरडले. आत-बाहेरच्या पंधरा-वीस बायकांनी वळून बघितलं. काकू चालतच होती.

"अगं ए!" आणखी दहा वळल्या.

पांढरे बूट कोपऱ्याशी पोचले. लालासाहेबांजवळ तिसरी हाक नव्हती. कधी लागलीच नव्हती. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"पल्लवी!"

ती थांबली. वळली. गाडी तिथंच सोडून दारापर्यंत पळत आली. शिपायानं हात आडवा धरला, मग फाइल बघून काढला. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"मला काय म्हाईत तुमी मलाच बोलवताय," ती फाइल घेत म्हणाली. "अगं म्हणून आवघा विमानतळ वळवलासा. आन् एकदा म्हणा की."

"ताई, मागं लाइन आहे," शिपाई म्हणाला.

लालासाहेबांनी आणखी एकदा म्हटलं. या वेळी हळू, पण एकही चूक न करता.